सक्तीच्या रांगेतला देव

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात एका ब्राह्मण सत्याग्रहीने अधिकाऱ्यांकडे मागणी केली, मला संडास साफ करण्याचे काम द्या. हे अप्पासाहेब पटवर्धन. पुढे ज्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला आणि ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणू लागले, तेच हे. मागणी फेटाळली गेली. तुरुंगात ते काम कोणत्या जातीने करायचे हे आधीच ठरलेले होते आणि अप्पासाहेब त्या जातीत जन्मले नव्हते. त्यांनी अन्न तोडले. बातमी येरवड्याला पोचली, तेव्हा तिथे कैदेत असलेल्या गांधीजींनी ३ डिसेंबरला त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. पुणे करारावेळच्या उपवासाला अजून तीन महिनेही झाले नव्हते. सरकार हलले आणि उपवास लवकरच सुटला.

राज्य साहेबाचे होते. स्वतः जात न मानणारा तो साहेब तुरुंगाच्या दारात मात्र वर्णाश्रमाचा पहारेकरी होऊन बसला होता. विचारले, तर उत्तर तयार असे: कैद्यांच्या धार्मिक भावना दुखवायच्या नाहीत.

आता दुसरी तारीख घ्या, ३ ऑक्टोबर २०२४. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतली जातीची कलमे रद्द केली. मधे ९२ वर्षे गेली होती. या काळात साहेब गेला, स्वराज्य आले, संविधान आले, अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरले. तरी राजस्थानच्या १९५१ च्या नियमांत संडासासाठी मेहतर आणि मुदपाकखान्यासाठी ब्राह्मण किंवा उच्च जातीचा हिंदू कैदी असे सरकारी शाईत लिहिलेले होते. पश्चिम बंगालच्या नियमांत स्वयंपाक ‘योग्य’ जातीच्या कैद्याने करायचा होता. तमिळनाडूत पाळयंकोट्टईच्या तुरुंगात जातवार बराकी होत्या. हे नियम कोणा अडाणी वॉर्डरच्या मनातले नव्हते, छापील होते. त्या कागदांवर वर्षानुवर्षे सह्या करणारे अधिकारी पदवीधर होते आणि दर २६ जानेवारीला झेंड्याला सलामी देत होते.

मला हा प्रश्न तुरुंगापुरता वाटत नाही. शाळेतला विद्यार्थी आणि तुरुंगातला कैदी यांच्यात एक साम्य आहे, ते लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. दोघांनाही उठून निघून जाता येत नाही. देवळातले कीर्तन रंगले नाही तर माणूस चपला घालून घरी जातो. मशिदीतले प्रवचन पटले नाही तर पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या मशिदीत जातो. चर्च बदलता येते, गुरू बदलता येतो, सगळेच सोडून देता येते. शाळेत हजेरीपट असतो आणि तुरुंगात कुलूप. हजेरीपट ज्याच्या हातात आणि किल्ली ज्याच्या कमरेला, त्याने देव वाटायचा नसतो. त्याने वाटलेला देव माणूस नाकारू शकत नाही, आणि जे नाकारता येत नाही त्याला श्रद्धा म्हणण्यात अर्थ नाही.

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेचा परिपाठ डोळ्यांपुढे आणा. मैदानात रांगा लागलेल्या, पहिलीची पोरे पुढे. ‘सावधान! विश्राम!’ राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते. मग हुकूम येतो, हात जोडा, डोळे मिटा. वर्गप्रमुखाचे डोळे मात्र किलकिले, कारण कोणाचे डोळे उघडे होते ते बाईंना सांगायचे काम त्याच्याकडे असते. त्या रांगेत एखादी मुलगी अशी असते की जिच्या घरी हा देव नाही, किंवा कुठलाच देव नाही. हात जोडले नाहीत तर नाव जाणार, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळते. ती ओठ हलवू लागते. बाराखडी यायच्या आधी शाळेने तिला एक विद्या शिकवलेली असते: खोटे ओठ हलवले की सुटका होते. आपण याला संस्कार म्हणतो.

मोठी माणसेसुद्धा या रांगेतून सुटत नाहीत. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यांच्यावर ठपका आला, वेतनश्रेणीचा लाभ अडला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. निकाल स्वच्छ होता. पण तो मिळवायला एका शिक्षकाला मुंबईच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पहिलीतल्या त्या मुलीने कुठल्या पायऱ्या चढायच्या?

केरळातल्या तीन भावंडांचे प्रकरण त्याहून जुने. त्यांच्या पंथात देवाखेरीज कोणाचे गीत गात नाहीत. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, गात मात्र नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. न्यायमूर्ती होते ओ. चिन्नप्पा रेड्डी. गप्प उभे राहण्याचा अधिकार हाही अधिकार आहे, हे या देशात तेव्हाच ठरलेले आहे.

‘जात वेगळी आणि धर्म वेगळा, दोन्हींची सरमिसळ करू नका,’ असे सांगणारे आता पुढे येतील. त्यांनी सातारच्या शाळेत जाऊन बघावे. तिथे भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसत असे आणि संध्याकाळी ते तरट परत घरी नेत असे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नव्हता. तहान लागली तर शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्याला संस्कृत शिकायचे होते. शाळा सरकारी, पगार सरकारी, तरी त्याला संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. तरट आणि नळ जातीचे म्हणून बाजूला ठेवले, तरी संस्कृत कोणाच्या सांगण्यावरून नाकारले? शास्त्राच्याच ना? सरकारी इमारतीत शास्त्र शिरले की ते कोणाच्या पाठीवर बसते, हे या मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

म्हणूनच १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत या विषयावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकर तत्त्वज्ञान सांगत बसले नाहीत, व्यवहाराचे बोलले. सगळ्यांच्या करातून चालणारी शाळा एका धर्माची शिकवण कशी देणार? एकाला परवानगी दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, आणि या देशात धर्म किती! शिवाय प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा म्हणतो. ते भांडण वर्गात कशाला आणायचे? त्याच भाषणात त्यांनी धर्माचा अभ्यास आणि धर्माची दीक्षा यांतली रेघही स्पष्ट आखली. आज ते २८ वे कलम आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायचे की नाही हे त्या व्यक्तीने ठरवायचे, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाने. संमती आधी, उपासना मागून. आपल्याकडे किती शाळांत असा संमतीचा कागद कोणी पाहिला आहे, ते ज्याने त्याने आठवावे.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि मी तो टाळणार नाही. पसायदानाचे काय करायचे? माझ्या घरी देव्हारा आहे, पसायदान मला पाठ आहे, आणि ज्ञानेश्वर न वाचता शाळा सोडणारे मराठी मूल म्हणजे आपल्या शिक्षणाची लाज, असे माझे मत आहे. म्हणून पसायदान मराठीच्या तासाला शिकवा, रसाळपणे शिकवा. तुकोबा, जनाबाई, चोखोबा शिकवा. चोखोबाला देवळाबाहेर कोणी ठेवले तेही त्याच तासाला सांगा. कबीर शिकवा, फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण गोव्याच्या मातीत मराठी कसे झाले ते दाखवा, शेख महंमद श्रीगोंद्याचा होता हे सांगा. बुद्ध कोण होता ते शिकवा आणि चार्वाकही सोडू नका. धर्माविषयी न शिकवता या देशाचा इतिहास शिकवताच येत नाही. १९६० च्या श्रीप्रकाश समितीनेही मूल्यशिक्षण आणि काही मिनिटे मूक चिंतनाची शिफारस केली होती. श्रीप्रकाश तेव्हा आपल्याच राज्याचे राज्यपाल होते. मूक बसायला कोणाची हरकत आहे? हरकत आहे ती हात जोडण्याच्या हुकमाला. तेच पसायदान वर्गात कविता असते आणि मैदानात हुकूम होते, आणि हुकमाखाली म्हटलेल्या पसायदानात जगाच्या भल्याची मागणी करणारा ज्ञानेश्वर उरत नाही, हजेरी घेणारा मास्तर तेवढा उरतो.

‘मग मदरशांचे काय? कॉन्व्हेंटचे काय?’ हा प्रश्न ठरलेला आहे आणि तो रास्त आहे. उत्तरही तेच आहे. अनुदान घेणारा मदरसा असो की मिशनची शाळा, सरकारी अनुदान किंवा मान्यता असेल तिथे उपासनेला बसवण्यापूर्वी संमती हवी. फी भरली म्हणजे संमती दिली, असे कोणी गृहीत धरू नये. मुंबईत आपलीच मुले इंग्रजीसाठी मिशनच्या शाळेत जातात आणि सकाळी येशूची प्रार्थना म्हणतात. घरी आई-बाप कुरकुरतात, शाळेत मात्र चिठ्ठी देत नाहीत. चिठ्ठी द्या. आणि तीच चिठ्ठी एखाद्या मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध वा नास्तिक बापाने तुमच्या गावच्या शाळेत दिली, तर त्याला गावाबाहेर काढायला निघू नका. नियम दोन्ही बाजूंना सारखा चालत नसेल, तर त्याला दंडेली म्हणायचे.

ताटातही हाच प्रकार. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. काही धार्मिक मंडळींनी विरोध केला. २०२५ च्या जानेवारीत अंड्यासाठीचा सरकारी पैसा थांबला. पैसे कमी पडले म्हणून की विरोध वाढला म्हणून, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. ज्याला अंडे नको त्याला केळे द्यायचे होते, कोणाच्या घशात कोणी काही कोंबत नव्हते. एकाच्या सोवळ्यापायी दुसऱ्या पोराचे ताट रिकामे राहावे, हे कोणत्या धर्मात बसते?

तुरुंगाकडे परत येऊ. कैद्याला देव नको, असे मी म्हणत नाही. उलट सगळे हिरावून घेतलेल्या माणसाला देवाचा आधार सगळ्यांत जास्त लागतो. विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ झाली. त्या अठरा प्रवचनांना बसण्याची सक्ती नव्हती, न बसणाऱ्याची शिक्षेतली माफी कापली जात नव्हती. बोलणारा स्वतः कैदी होता. किल्ली त्याच्याजवळ नव्हती, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले.

याच्या उलट चित्र बघायचे असेल तर सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ उघडा. अंदमानात वॉर्डर आणि पेटी ऑफिसर हिंदू कैद्यांना धर्म बदलण्यासाठी कसे गांजत आणि हलके काम नि तंबाखू यांचे आमिष कसे दाखवत, ते त्यांनी सविस्तर लिहिले आहे. त्यांचे बाकीचे विचार कोणाला पटोत न पटोत. पण जे आज सावरकरांचे नाव घेतात, त्यांनी तरी हे प्रकरण नीट वाचावे. कोलूला जुंपलेल्या कैद्यापुढे वॉर्डरने धरलेला धर्म हा जुलूमच, मग तो कोणत्याही ग्रंथातला असो. २०२५ च्या फेब्रुवारीत कुंभमेळ्यावेळी उत्तर प्रदेश सरकारने राज्याच्या ७५ तुरुंगांत संगमाचे पाणी नेऊन कैद्यांच्या स्नानाची सोय केली. सक्ती झाली असा आरोप मी करत नाही. ज्याला स्नान हवे होते त्याला मिळाले, बरे झाले. पण पाण्याच्या हौदाशेजारी तुरुंगाधिकारी उभा असताना ‘मला नको’ म्हणायला किती कैदी धजले असतील? ज्याची मुलाखत, बराक आणि माफीची शिफारस सगळे त्या साहेबाच्या हातात, तो हात जोडूनच उभा राहणार.

कैद्याला ज्ञानेश्वरी हवी, कुराण हवे, बायबल हवे, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हवा, तर द्या. रोजा, एकादशी, चाळीस दिवसांचा उपवास, ज्याला जे पाळायचे त्याला शिधा त्या वेळेला द्या. बाहेरून महाराज, मौलवी, पाद्री, भन्ते येऊ द्यात, पण एकाला दार उघडे आणि दुसऱ्याला बंद असे नको. भजनाला कोण बसला आणि कोण बसला नाही, याची नोंद कुठल्याही वहीत होता कामा नये.

आता उठा. आणि मी प्रथम हाक मारतो आहे ती नास्तिकांना नव्हे, ते बिचारे या विषयावर कधीपासून ओरडत आहेत. मी हाक मारतो माळकऱ्यांना, नमाजींना, रविवारी चर्चला जाणाऱ्यांना, पौर्णिमेला विहारात जाणाऱ्यांना. ज्या वारीत कोणी कोणाची हजेरी घेत नाही, त्या वारीच्या लोकांनी शाळेच्या मैदानातली ही हजेरी खपवून घ्यावी? देव तुमचा आहे. त्याला सरकारी नोकरीत लावण्याचा अधिकार तुम्ही कोणाला दिलात? हेडमास्तरांच्या हुकमाने मिटलेले डोळे तुमच्या विठ्ठलाला दिसत नाहीत का? धर्म वाचवायचा असेल, तर त्याला आधी छडीपासून आणि किल्लीपासून वाचवा. हे काम नास्तिकाने केले की त्याला धर्मद्रोही म्हणता येते. तुम्ही केलेत तर कोणाची बिशाद आहे?

शिक्षकांनो, तुम्ही स्वतःहून एक गोष्ट उद्याच करू शकता. ‘हात जोडा’च्या जागी ‘ज्यांना हात जोडायचे त्यांनी जोडा, बाकीच्यांनी शांत उभे राहा’ असे म्हणा. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. पोराचे नाव वर्गप्रमुखाच्या चिठ्ठीत आले, तर ती चिठ्ठी फाडून टाका. सत्यनारायण घालायचा असेल तर घरी घाला, प्रसादाला सगळ्या स्टाफला बोलवा, मीही येईन.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समिती तुमचीच आहे. २००९ च्या कायद्याने त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. पण सभेला जाते कोण? चहा पिऊन सही करणारे चार लोक. पुढच्या सभेला आयांनी जावे आणि परिपाठात काय काय होते ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. ज्या पालकाची संमती नाही त्याच्या मुलाला वेगळे बसवून खिजवायचे नाही, हा ठराव करून घ्यावा. पोषण आहारात कोणाच्या आक्षेपाने काय गळले, तेही विचारावे.

वकील मंडळींनो, निवृत्त न्यायाधीशांनो, सामाजिक कार्यकर्त्यांनो, तुरुंगाचे दार तुम्हाला उघडते, आम्हाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात नुसती कलमे रद्द केली नाहीत. कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी तुरुंगांची नियमित पाहणी करावी असा आदेश दिला. त्याच निकालात विमुक्त जमातींचाही विचार झाला आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मतः चोर ठरवले, त्या पारध्यांच्या पोरांना आजही बराकीत शिरताना कपाळ वाचल्यासारखे काम दिले जाते का, हे जाऊन बघा. अप्पासाहेबांनी मागितलेला झाडू आज कोणाच्या हातात आहे, ते विचारा.

आणि ज्यांना कुठेच जाता येत नाही, त्यांनी निदान एक अर्ज लिहावा. माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज, आपल्या जिल्ह्यातल्या कारागृहाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. जातीचा रकाना नोंदवहीतून कोणत्या तारखेला काढला? स्वयंपाक आणि सफाईचे काम कोणत्या निकषावर वाटले जाते? गेल्या वर्षभरात पाहणी किती वेळा झाली आणि तिच्या अहवालाची प्रत मिळेल का? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्यायला विसरू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच आले, तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील करा.